मशीनला खड्डे शिकवताना

माझ्या मुलीने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी 'रस्त्यावरचे खड्डे' हा विषय घेतला, तेव्हा हसावं की चिडावं ते मला कळेना. माझा डावा हात नुकताच प्लास्टरमधून बाहेर आला होता आणि तो प्लास्टरमध्ये गेला होता एका खड्ड्यापायीच. घरात त्या शब्दाला जवळपास बंदी होती. आणि ही पोरगी जेवताना शांतपणे सांगत होती, की मोबाइलच्या कॅमेऱ्याने रस्त्याचे फोटो काढायचे, खड्डा म्हणजे काय ते मशीनला शिकवायचं, की मग ते आपलं आपण खड्डे ओळखतं. मी म्हटलं, "ओळखून करणार काय? मीही ओळखला होता. पडल्यावर."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घोटीच्या पुढे, हायवे सोडून आत, भातखाचरांमधल्या एका वस्तीवर. राहायला आम्ही नाशिकला. सकाळी द्वारका चौकातून एसटी पकडायची, घोटीला उतरायचं, ओळखीच्या भातगिरणीच्या आवारात ठेवलेली स्कूटी काढायची आणि आतल्या रस्त्याने शाळा गाठायची, हा माझा रोजचा क्रम. मागच्या श्रावणात त्या आतल्या रस्त्यावरचा पाण्याने भरलेला खड्डा मला साधं डबकं वाटला आणि मी गाडीसकट त्यात गेले. मनगट मोडलं. वस्तीवरच्या लोकांनी भाजीच्या टेम्पोत बसवून मला घोटीच्या दवाखान्यात आणलं आणि माझी स्कूटी धुऊनपुसून गिरणीत नेऊन लावली.

नवरा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. अतिशय शांत माणूस. मी भांडायला लागले की तो चहा टाकायला उठतो. या वेळी उठला नाही. म्हणाला, बदलीचा अर्ज भर, शहराजवळची शाळा माग. मी आवाज चढवला, त्याने चढवला नाही, आणि अशी भांडणं नेहमी आवाज चढवणाराच हरतो. शेवटी तोड निघाली. पुढच्या पावसाळ्याआधी तो रस्ता दुरुस्त झाला तर मी तिथेच शिकवणार. नाही झाला तर उन्हाळ्यात बदलीचा अर्ज मी स्वतःच्या हाताने भरणार. मी शब्द दिला. दिलेला शब्द पाळायचा असतो हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलेय, त्यामुळे घरात तो मोडायची सोय नव्हती.

मला ती शाळा सोडायची नव्हती, हे सरळच सांगून टाकते. पहिली आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. जूनमध्ये पोरं येतात तेव्हा माझ्याकडे टकामका बघत बसतात. त्यांची घरची बोली वेगळी आणि पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यासारखी. तीच पोरं मार्चमध्ये पाटीवर अख्खं वाक्य लिहून "बाई, तपासा" म्हणत अंगावर येतात. त्या 'तपासा'साठी मी अंधारात उठून डबा भरते. शहराजवळच्या शाळेतही पोरं असतात, मला माहीत आहे. पण ही माझी होती.

तर प्रोजेक्ट. कॉलेजच्या मुलांनी नाशिकभर फिरून रस्त्याचे ढिगाने फोटो काढले होते. त्यातल्या प्रत्येक फोटोवर जिथे रस्ता बिघडलाय तिथे माउसने चौकट आखायची आणि तो बिघाड कोणत्या जातीचा ते लिहायचं. खड्डा, लांब भेग, जाळीसारख्या बारीक भेगा. एवढं मशीनला दाखवलं की ते त्यातून स्वतःच काहीतरी ठोकताळे बांधतं. काम भयंकर कंटाळवाणं, असं मुलगीच म्हणाली, आणि मला म्हणाली, आई, थोडा वेळ बस, मी तेवढ्यात जेवून घेते. मी बसले ती उठलेच नाही. ती जेवून, झोपून उठली तरी मी चौकटी आखतच होते.

कारण हे तर माझं काम होतं! पहिलीच्या मुलाला 'क' शिकवताना मी दुसरं काय करते? पुन्हा पुन्हा दाखवते. मोठा 'क', वाकडा 'क', पाटीवरचा, एसटीच्या पाटीवरचा. मग एके दिवशी ते पोर किराणा दुकानाच्या फलकाकडे बोट दाखवून ओरडतं, "बाई, क!" तो क्षण मला माहीत होता, आणि हे लोखंडी पोर तो क्षण मला कधी दाखवतंय याची मला भूकच लागली. शाळेतून आले की मी हातपाय धुऊन लॅपटॉपसमोर. स्वयंपाकाचे हाल झाले. नवरा दोनदा विचारून गेला, की प्रोजेक्ट नक्की कोणाचं आहे.

पहिल्या परीक्षेत आमचा विद्यार्थी सपशेल नापास झाला. झाडाची सावली दिसली की खड्डा. गटाराचं झाकण दिसलं की खड्डा. रस्त्यात अंग मोडून झोपलेलं काळं कुत्रं, तेही खड्डा. मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं, तू त्याला नुसते खड्डेच दाखवतेस, मग त्याला जगात खड्ड्याशिवाय काही आहे हे कसं कळावं? सावली दाखव, कुत्रं दाखव, डांबराचं काळं ठिगळ दाखव आणि सांग, की हे खड्डे नाहीत. 'ब' शिकवताना 'व' शेजारी ठेवावाच लागतो. ती म्हणाली, "आई, हे आम्हाला पुस्तकात आहे." मी म्हटलं, असेल, आम्हाला वर्गात आहे.

आणखी एक नियम मी घातला आणि तो फार हुशारीचा आहे असं मला वाटलं. शिकवायचा नमुना स्वच्छ असावा. ज्या फोटोंत रस्त्यावर काहीबाही पडलंय, पोतं, टायर, दगड, झाडाची फांदी, ते फोटो सरळ काढून टाकायचे. पुसटलेल्या पाटीवर कोणी पहिला 'क' गिरवून देतं का? मुलीला पटलं. आम्ही झाडून सगळे तसले फोटो बाहेर काढले.

मग एका रविवारी सकाळी तिने मोबाइल माझ्या हातात दिला, मला तिच्या स्कूटीवर मागे बसवलं आणि आम्ही निघालो. मोबाइलचा कॅमेरा रस्त्याकडे धरायचा, एवढंच माझं काम. द्वारकेला पोहोचलो. त्या चौकात शांत वेळ अशी नसतेच. पुलाखाली रिक्षा आडव्यातिडव्या, मालेगाव-धुळ्याच्या गाड्यांचे पुकारे, कांद्याचा ट्रक वळण घेता घेता अडकलेला. मी स्क्रीनकडे बघत होते. रस्ता, रस्ता, चप्पल, रस्ता. आणि एकदम स्क्रीनवर एक हिरवी चौकट उमटली, थरथरली, स्थिर झाली आणि तिच्या डोक्यावर मराठीत शब्द आला: खड्डा. मी मान वर करून पाहिलं. खरंच खड्डा! पुढे अजून एक चौकट. बाजूला झोपलेल्या कुत्र्यावर काहीही नाही, त्याच्या सावलीवर काहीही नाही. मी भर चौकात ओरडले, "आलं गं त्याला! आलं!" शेजारचा रिक्षावाला दचकून मागे वळला. मुलीने गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

त्या आनंदाच्या भरात मी थेट बांधकाम खात्याच्या कचेरीत गेले. घोटीकडच्या आतल्या रस्त्यांची दुरुस्ती ज्या साहेबांकडे होती ते दमलेले पण भले गृहस्थ निघाले. त्यांनी मला स्वतःचा मोबाइलच दाखवला. प्रत्येक गावाने आपापल्या खड्ड्यांचे फोटो पाठवून ठेवले होते, एकाच खड्ड्याचे पाच-पाच बाजूंनी. "मॅडम, सगळ्यांना आपलाच रस्ता सगळ्यात वाईट वाटतो," ते म्हणाले. पावसाळ्याआधी त्यांना एकच रस्ता पुरा करता येणार होता. त्याच्या पुढचा दिवाळीनंतर. कोणता आधी घ्यावा यावरून त्यांचं डोकं उठलं होतं. मी मशीनचं सांगितल्यावर ते सरसावून बसले. हायवेवरून आत जाणारे पाच रस्ते त्यांच्याकडे होते, त्यातला एक माझा. त्यांनी अट घातली, की पाचही रस्ते एकाच दिवशी, एकाच गाडीतून, एकाच कॅमेऱ्याने तपासायचे. मशीन ज्याला सगळ्यात वाईट म्हणेल तो आधी. मी ताबडतोब हो म्हटलं. माझा रस्ता पहिला येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. माझ्या मनगटाला विचारा.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही तिघं आमच्या गाडीतून निघालो. नवरा चालवायला, मोबाइल समोरच्या काचेला, मुलगी लॅपटॉप घेऊन मागे. भातखाचरांत राब भाजायचं, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायचं काम चाललं होतं, जिकडेतिकडे धुराचा वास. एकेक रस्ता आत जायचा, शेवटच्या घरापर्यंत, आणि परत. दुसऱ्या रस्त्यावर गाडीने असे हादरे खाल्ले की लॅपटॉप मुलीच्या मांडीवरून उडाला. मी मनातल्या मनात त्या रस्त्याला म्हटलं, माझा बघ अजून. माझा रस्ता शेवटी होता. नवरा प्रथमच तिथून गाडी चालवत होता आणि शाळेपर्यंत सारखा स्टिअरिंग डावी-उजवी करत होता. "रस्त्यावर झाडपाला किती पडलाय," तो म्हणाला. "कोणी उचलत नाही का इथे?" मी निकालाच्या विचारात होते.

निकाल मुलीने घरी आल्यावर काढला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, की दुसरा रस्ता सगळ्यात वाईट. मी विचारलं, माझा कितवा? ती म्हणाली, पाचवा.

पाचवा! म्हणजे सगळ्यात चांगला. माझा पाराच चढला. ज्या मठ्ठाला मी रात्रीचा दिवस करून शिकवलं, त्याला माझं मनगट मोडणारा रस्ता गुळगुळीत दिसत होता. मी मुलीला बोलले, मशीनला बोलले, शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्यालाही उगाच बोलून घेतलं. मग म्हटलं, दाखव. माझ्या रस्त्याचा एकन् एक फोटो मला दाखव. वर्गातलं पोर चुकतं तेव्हा मी आधी त्याची पाटी बघते, मग त्याला रागावते. इथे तेवढा क्रम उलटा झाला होता.

फोटो सरकू लागले. रस्ता, चौकट नाही. रस्ता, चौकट नाही. रस्त्याच्या मधोमध निरगुडीची फांदी, चौकट नाही. पुन्हा फांदी. दोन फांद्या. दगडांचा टेकू दिलेली फांदी. आणि मी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे रस्त्यात खड्डा पडला की लोक त्यात फांदी रोवतात. येणाऱ्याने लांबूनच ओळखावं आणि वळसा घालावा. हे मला माहीत नव्हतं का? रोज मी त्याच फांद्यांना वळसे घालून शाळेत जात होते. नवरा त्यांना कचरा म्हणाला तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, इतकी ती सवय अंगात मुरलेली. आणि मशीनच्या बाबतीत तर मीच नियम घातला होता की फांदी असलेला फोटो काढून टाका. जे खड्डे माणसांना सगळ्यात जास्त ठाऊक होते, तेच आम्ही मशीनपासून लपवून ठेवले होते. फांदीच्या पाल्याखाली खड्डा झाकला जातो आणि मशीनला दिसतं एक झुडूप. मी मोठ्याने हसायला लागले. मुलीला वाटलं, रागाच्या भरात माझं काहीतरी बिनसलं.

मग काय, आमची शाळा पुन्हा भरली. काढून टाकलेले फोटो आम्ही परत शोधून काढले आणि या वेळी फांदीभोवती चौकट आखून तिचं नाव लिहिलं: 'खुणेचा खड्डा'. टायर उभा केलेला असेल तरी तेच. दगड रचून वर लाल फडकं बांधलेलं असेल तरी तेच. वाऱ्याने पडलेली फांदी वेगळी आणि रोवलेली वेगळी, हेही शिकवावं लागलं. पडलेली आडवी असते, रोवलेलीला बुडाशी दगड असतात. मुलगी म्हणाली, तिने वाचलंय त्यात जगात कुठेही मशीनला असलं काही शिकवलेलं तिला दिसलं नाही. खरं असेल, खोटं असेल. पण मशीनने पहिल्यांदा रोवलेल्या फांदीवर चौकट उमटवली आणि शेजारी पडलेली फांदी सोडून दिली, तेव्हा आम्ही दोघी खुर्चीवरून उठून नाचलो.

पाचही रस्ते पुन्हा मोजले. माझा रस्ता पाचव्यावरून उडी मारून वर आला. आणि तिथे एक नवाच पेच उभा राहिला. फांदीखाली खड्डा आहे हे मशीनला कळलं, पण तो केवढा आहे हे त्याला कसं कळावं? मुलीने समजावून सांगितलं. प्रत्येक फांदीखाली मोठा खड्डा धरला तर माझा रस्ता पहिला. मध्यम धरला तर दुसऱ्या नंबरला. "एक आकडा बदलायचाय, आई," ती म्हणाली. "काय धरू?"

मला मोठा धरायचा होता. लोक उगाच का फांदी रोवतील, मोठा असेल म्हणूनच ना, असं मी बोलूनही दाखवलं, आणि त्यात तथ्यही होतं. ती संध्याकाळ मी त्या एका आकड्याभोवती घिरट्या घालत काढली. पहिला आला तर शाळा राहते, दुसरा आला तर जाते. पण परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवर बघणाऱ्या पोराला मी ज्या तोंडाने उठवते, ते तोंड मला साहेबांनाही दाखवायचं होतं. शेवटी नवराच वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, की धरायचं कशाला, मोजून येऊ. आणि मोजायचे तर पाचही रस्त्यांवरच्या फांद्यांखालचे मोजायचे. अकाउंट्सवाला माणूस.

पुढच्या रविवारी शाळेच्या कपाटातली लाकडी मोजपट्टी, एक काठी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही पुन्हा निघालो. बाकीच्या चार रस्त्यांवर फांद्या थोड्याच होत्या, त्या लवकर उरकल्या. माझ्या रस्त्यावर मात्र काम संपेना. काठी खड्ड्यावर आडवी ठेवायची, तिच्यापासून तळापर्यंत मोजपट्टी धरायची, मुलीला आकडा सांगायचा, फांदी होती तशी परत रोवायची. ऊन कडक होतं, पण मला त्याचं भान नव्हतं. प्रत्येक फांदी उपसताना मनात तीच धाकधूक, की खोल असू दे, अजून खोल असू दे. खड्डा खोल असावा म्हणून देवाची विनवणी करणारी त्या तालुक्यात मी एकटीच असेन.

आणि बरेच खड्डे खोल निघेनात. पहिले काही चांगले गुडघ्याला आव्हान देणारे होते, पण पुढे पुढे फांदी उपसावी तर खाली तळहाताएवढा उथळ खळगा. मला राग यायला लागला. एवढ्याशा खळग्यात कोणी फांदी रोवतं का?

नवरा थोडा पुढे होता. मी आणि मुलगी एका खड्ड्यापाशी पाठमोऱ्या उकिडव्या बसलेल्या. शेताच्या बांधावरून एक बाई खाली उतरली, डोक्यावर गवताचा भारा आणि हातात कोयता. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी होती ती, पण टोपी आणि स्कार्फमध्ये तिने मला ओळखलं नाही. नवऱ्याला तर ती ओळखतच नव्हती. ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ओ भाऊ, फांद्या कशाला उपटता?"

नवऱ्याने सांगितलं, की खड्डे मोजतोय, मोजून परत लावतो.

"मोजा. पण व्हती तशी लावा. सकाळी आमच्या बाईंची गाडी येती हितून."

नवऱ्याने हातातल्या पट्टीने तो खळगा दाखवला आणि विचारलं, की हा तर अगदीच लहान आहे, याला कशाला फांदी.

"लहान हाय म्हनूनच," ती म्हणाली. "मोठा दिसतो बाईंना. लहान नाय दिसत. मागं पडल्या त्या, हात मोडला. तवापासून आमी एक खड्डा उघडा ठेवला नाय. घराघराची पाळी हाय. पाला वाळला का नवी लावायची. निरगुडी लावतो, शेरडं खात नाय ती."

मी तशीच त्या खड्ड्यापाशी बसून राहिले आणि मला रडू फुटलं. आवाज न करता रडायची मला सवय नाही, त्यामुळे ती बाई वळली, तिने मला पाहिलं, आणि अख्खा भारा खाली टाकून धावत आली. तिला वाटलं मी पुन्हा पडले. मुलीने तिला समजावलं, त्या आजीने मला पाणी पाजलं, आणि मग मला रागावली, की सुट्टीच्या दिवशी उन्हात कशाला यायचं. मी हो हो म्हणत राहिले.

गाडीत बसल्यावर मुलीने सगळे आकडे भरले. आम्ही दोघं तिच्याकडे वळून बसलो होतो. "आई," ती म्हणाली, "आपला रस्ता दुसऱ्या नंबरला." थोडक्यात नाही, चांगलाच दुसरा. लहान लहान खळग्यांनी माझा रस्ता खाली ओढला होता. आणि खरं सांगू? शाळा हातची गेली होती, पण त्याच वेळी मला ओरडावंसंही वाटलं, कारण उत्तर बरोबर होतं! मशीनला आता रस्त्यावरचा प्रत्येक खुणेचा खड्डा दिसत होता, आम्हाला त्याची खोली ठाऊक होती, आणि लॅपटॉप उडवणारा तो रस्ता खरंच माझ्यापेक्षा वाईट होता. त्या रस्त्यानेही कोणीतरी रोज कामाला जात असणार.

साहेबांना मी तसंच सांगितलं. त्यांनी फांद्यांचे फोटो एकेक करून पाहिले. म्हणाले, स्वतःचा रस्ता दुसरा आहे हे पटवायला आलेलं कोणी आजवर त्यांच्याकडे आलं नव्हतं. त्या हादऱ्यांच्या रस्त्याचं काम त्यांनी पुढच्याच आठवड्यात लावलं. माझ्या रस्त्याचं दिवाळीनंतर पक्कं, म्हणाले. मुलीकडून त्यांनी तालुक्यातले बाकीचे रस्तेही तपासून मागितले, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मलाही तिचा फार अभिमान वाटला.

पण पावसाळा दिवाळीच्या आधी येतो. बदलीच्या अर्जाची मुदत संपत आली होती. एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन बसले आणि शहराजवळच्या शाळांची नावं भरायला लागले. शब्द तो शब्द. एकेक नाव टाइप करताना डोळ्यांपुढे धूसर होत होतं, तरी मी चिकाटीने बसले होते. नवरा येऊन शेजारी बसला. त्याने पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं.

"भरू नकोस," तो म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, शब्द दिलाय मी."

"मला दिलास ना? मी तो परत केला." एवढं बोलायचीही त्याला सवय नाही. "मला वाटायचं, तिथे तुझ्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही. म्हणून काढत होतो तुला तिथून."

मी लॅपटॉप मिटला. या वेळी चहा टाकायला मी उठले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली. का ते सांगितलं नाही. माझ्याबरोबर द्वारकेवरून एसटीत बसला, घोटीला उतरला, गिरणीच्या आवारातून मी स्कूटी बाहेर काढली तसा पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला. पिशवीतलं काहीतरी टणक माझ्या पाठीला लागत होतं. मी मागे हात घालून चाचपलं. आत डब्याशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवाकोरा कोयता होता.

मी विचारलं, हे काय?

"घराघराची पाळी आहे म्हणाली ना ती आजी," तो म्हणाला. "मग आपल्याही घराची आहे."